पन्नास लिटरचा गिझर आणि रात्री दहाचं जेवण

परदेशी शिक्षण : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत स्पेनबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथे एकत्र घेतली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं आणि गावं गाळून फक्त तालुका ठेवला आहे.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेतच जन्मला, तिथंच वाढला. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी साडेचार महिन्यांसाठी स्पेनच्या सेव्हिया शहरात शिकायला गेला आहे. कॉलेजनंच त्याची एका कुटुंबात राहायची सोय केली. फोनवर सारखी कुरकुर चालू असते. आंघोळीचं पाणी मधेच थंड होते, घरची बाई लाइट बंद करत फिरते, अनवाणी चाललं की रागावते, फ्रिज उघडू देत नाही. बहीण म्हणते पोराला तिथं छळून राह्यले. खरंच तसं असेल काय?
— एक मामा, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : छळाची शंका मनातून काढून टाका. त्या घरचा गिझर कोणता आहे तेवढं भाच्याला बघायला सांगा, अर्धं भांडण तिथंच मिटेल.

स्पेनच्या जुन्या फ्लॅटमध्ये दोन प्रकार सापडतात. एक म्हणजे विजेवरची टाकी, तिला ‘तेर्मो’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती पन्नास किंवा ऐंशी लिटरची असते. टाकीतलं पाणी ६० अंशांचं आणि हिवाळ्यातलं नळाचं पाणी १५ अंशांचं धरलं, तर दोन्ही मिसळून अंगाला सोसेल असं ३८ अंशांचं पाणी पन्नास लिटरच्या टाकीतून कागदावर ९८ लिटर निघतं. पण वरून पाणी काढलं की खालून थंड पाणी शिरतच असतं, म्हणून ऐंशी लिटर धरून चाला. शॉवर मिनिटाला सुमारे दहा लिटर सोडतो. हिशेब झाला आठ मिनिटांचा, आणि ही आठ मिनिटं सगळ्या घराची. टाकी रिकामी झाली की दीड किलोवॉटच्या कॉइलला ती पुन्हा तापवायला पावणेदोन तास लागतात. अमेरिकेत घरोघरी दीडशे ते एकशे नव्वद लिटरची टाकी असते. तिथल्या सवयीनं हा मुलगा पंधरा मिनिटं उभा राहिला की त्याच्यामागून जाणाऱ्या आजीच्या वाट्याला गार पाणी येणारच. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण लावायचा, मग नळ सुरू. आपल्याकडे एका बादलीत आंघोळ उरकते, त्यामुळे हे त्याला समजावून सांगायला मामाच बरा.

दुसरा प्रकार गॅसचा. नारिंगी सिलिंडर, आत साडेबारा किलो ब्युटेन (आपलं घरगुती सिलिंडर १४.२ किलोचं). यात पाणी वाहतानाच तापतं, त्यामुळे टाकी संपायची भीती नाही. मात्र नळ अगदी बारीक सोडला तर बर्नर पेटतच नाही आणि पोरगं म्हणतं गिझर बिघडला. नळ मोठा करून बघायचा. तरीही थंडच आलं तर सिलिंडर संपलेलं असतं.

लाइटचं कारणही असंच साधं आहे. तिथं प्रत्येक घर वीज कंपनीकडून किती किलोवॉट एका वेळी ओढणार याचा करार करतं. ३.४५ किलोवॉटचा करार बऱ्याच फ्लॅटमध्ये दिसतो. गिझर दीड, केस वाळवायचं यंत्र दोन, त्यात फ्रिज आला की सगळ्या घराची वीज गेली. अशा वेळी जड उपकरणांचे प्लग काढायचे, दाराजवळच्या पेटीतला मुख्य स्विच खाली करून काही सेकंद थांबायचं आणि मग वर करायचा. विजेचा दरही तासागणिक बदलतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा ते रात्री दहा वीज सगळ्यात महाग, मध्यरात्रीपासून सकाळी आठपर्यंत आणि शनिवार-रविवारी पूर्ण दिवस स्वस्त. घरची बाई कपडे शनिवारीच का धुते, ते यावरून कळेल. कपडे वाळवायचं यंत्र क्वचितच असतं. खिडकीबाहेरच्या दोरीवर वाळत घालतात, म्हणून आठवड्याला एकच धुणं.

आणखी एक. अमेरिकेतून आणलेलं १२० व्होल्टचं केसांचं यंत्र तिथल्या २३० व्होल्टवर लावलं की जळतं, पिन बदलून काही होत नाही. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असेल तर ते चालतात. भारतातून नेलेल्या वस्तूंना व्होल्टेजची अडचण नाही. दोन बारीक पिनांचा चार्जर तिथल्या गोल सॉकेटात बसतो, आपली तीन गोल पिनांची वायर बसत नाही.

अनवाणीचं म्हणाल तर फरशी उघडी असते, गालिचा नसतो, आणि पायातून थंडी शिरते ही तिथल्या आयांची पक्की समजूत आहे. घरातली वेगळी चप्पल घालावी, वाद संपला. फ्रिजचं मात्र ज्याचं त्यानं पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. कॉलेज त्या कुटुंबाला ठरलेल्या जेवणांचे पैसे देतं, कुठं दोन वेळचं, कुठं तीन वेळचं. फ्रिजमधलं उरलेलं बहुधा उद्याच्या स्वयंपाकाचं असतं. दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊ-दहाला. संध्याकाळी सहाला पोटात कावळे ओरडतात, त्या वेळी बाहेर ब्रेड-कॉफी घेणं तिथल्या मुलांचीही रीत आहे. रात्री जेवायला येणार नसेल तर दुपारीच सांगावं. न सांगता गैरहजर राहणं त्या घरात सगळ्यात जास्त लागतं.

प्रश्न : मुलाचा पहिल्या पेपरचा निकाल आला, दहापैकी ७.२. बारावीला ९१ टक्के होते. पैसे वाया चालले काय?
— एक पालक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : मुलाला शाबासकी द्या. तिथं पाचला पास, सातपासून ‘नोताब्ले’ म्हणजे चांगला, नऊपासून ‘सोब्रेसालिएन्ते’. अनेक विषयांत वर्गातल्या बहुतेक मुलांचे गुण पाच ते सातच्या मधेच अडकलेले असतात. पाचच्या खाली गेला तरी त्याच वर्षी दुसरी परीक्षा देता येते. अमेरिकेच्या कॉलेजातून गेलेल्यांसाठी सांगतो, तिकडचे दोन युरोपीय क्रेडिट म्हणजे साधारण एक अमेरिकन क्रेडिट. पूर्ण सत्राचे ३० क्रेडिट मिळाले की अमेरिकेत १५ धरले जातात. कोणत्या विषयाचे किती धरणार ते जाण्याआधीच स्वतःच्या कॉलेजकडून लेखी घ्यावं. आल्यावर मागितलं की महिने जातात.

प्रश्न : आम्ही माळकरी. मुलगी वर्षभरासाठी ग्रानादाला चालली. अंडंसुद्धा खात नाही. तिथं तिचं कसं होईल? सोबत काय द्यावं?
— एक आई, ता. कारंजा, जि. वाशिम

उत्तर : ताई, काय द्यायचं नाही ते आधी. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा नाही. संत्राबर्फीत खवा असतो म्हणून तीही नाही. ताजी संत्री तर नाहीच. फळ-भाजीला रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळी, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढ्याच फळांना त्यातून सूट आहे. तिखट, काळा मसाला, हळद, पापड कंपनीच्या बंद पाकिटात द्या.

हॉटेलात ‘बिन मांसाचं’ एवढंच सांगितलं की फसगत ठरलेली. तिथल्या वाढप्याच्या लेखी मांस म्हणजे तुकडे. हॅमचे (म्हणजे डुकराच्या मांसाचे) बारीक काप किंवा ट्यूना मासा त्यात येत नाही. सॅलडवर ट्यूना आणि पालकावर हॅम पसरून येतं ते यामुळे. मुलीनं हे वाक्य पाठ करावं : ‘सोय बेखेतारियाना. नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी आतून, नी वेबो.’ मी शाकाहारी, मांस, मासा, हॅम, ट्यूना, अंडं खात नाही. आणि पुढे विचारावं, रस्सा कशाचा आहे. ‘काल्दो’ हा बहुधा मांसाचा किंवा हाडांचा असतो, मसुराच्या आमटीत सॉसेज असतं.

‘तोर्तिया’ नावानं गोंधळू नये. मेक्सिकोत ती मक्याची पोळी, स्पेनमध्ये ते बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे टोमॅटो-ऑलिव्ह तेल लावलेला पाव, तळलेल्या हिरव्या मिरच्या (‘पिमिएंतोस दे पाद्रोन’), टोमॅटोचं थंड सूप गास्पाचो. सालमोरेखो हे त्याचंच दाट भावंड, पण त्यावर अंडं आणि हॅम भुरभुरलेलं असतं, ते नको म्हणून आधीच सांगायचं. पालक-हरभऱ्याची भाजी अंदालुसियात (दक्षिण स्पेनचा प्रांत, ग्रानादा आणि सेव्हिया त्यातच) घरोघरी होते. नाताळात घरमालकीण प्रेमानं ‘मांतेकादोस’ नावाची बिस्किटं देईल. ती डुकराच्या चरबीची असतात. ‘मांतेका’ म्हणजे चरबी आणि ‘मांतेकिया’ म्हणजे लोणी. पाकिटावर हे दोन शब्द डोळ्यांत तेल घालून वाचावेत.

घरी करून खाल्लं तर मात्र काही अडत नाही. हरभऱ्याचं पीठ, ‘आरिना दे गार्बांसो’ (लिहिताना सुरुवातीला एच असतो, पण उच्चारत नाहीत), अंदालुसियात सहज मिळतं, कारण तिकडे तळणासाठी वापरतात. झुणक्याची चिंता मिटली. सोललेली लाल मसूर सुपरमार्केटात असते, वरण त्याचं करावं. तुरीची डाळ हवी तर माद्रिदच्या लावापिएस भागातून किंवा बार्सेलोनाच्या राबालमधून आणावी लागेल. जिरं ‘कोमिनो’, हळद ‘कुर्कुमा’, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर ‘सिलांत्रो’. शेजारीच तशीच दिसणारी ‘पेरेखिल’ ठेवलेली असते, पान चुरून वास घेतल्याशिवाय पिशवीत टाकू नये. लाल पूड दिसली म्हणून ‘पिमेंतोन’ दोन चमचे घातलं तर भाजी लाल होईल, तिखट होणार नाही. ते बहुधा गोडसर असतं, वर धुराचा वास. तिखटासाठी ‘गिंदिया’ किंवा ‘कायेना’ मागावी.

पोळी बिघडते ती पिठामुळे. तिथलं कोंड्यासकटचं गव्हाचं पीठ जाडसर कोंड्याचं असतं, तो कोंडा लाटताना पोळी फाडतो. चाळून घ्यावं, निम्मा मैदा मिसळावा, कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवावं. पाणी आपल्या जात्याच्या पिठाला लागतं त्यापेक्षा कमी, शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमपासून सुरुवात करावी.

कुकर देणार असाल तर आधी खोलीतली शेगडी कोणती ते विचारा. काळ्या काचेच्या दोन शेगड्या सारख्याच दिसतात. एकीत आतली कॉइल लाल होते, तिच्यावर सपाट बुडाचं कोणतंही भांडं चालतं. दुसरी इंडक्शन, तिच्यावर अॅल्युमिनियमचा कुकर थंडच राहतो. बुडाला चुंबक चिकटलं तरच ते भांडं द्या. खोलगट तवा दोन्हीवर निरुपयोगी, सपाट द्या.

प्रश्न : ग्रानादाला एका वर्षाच्या मास्टर्ससाठी निवड झाली आहे. व्हिसाचे कागद जमवतो आहे. तिथं उतरल्यावर काय काय करावं लागतं आणि खोली घेताना काय बघावं?
— एक विद्यार्थी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असल्यामुळे पोलीस पडताळणीचा दाखला लागेल. तो पासपोर्ट कार्यालयातून काढायचा, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का), मग स्पॅनिश भाषांतर. सोबत डॉक्टरांचा दाखला, स्वतःच्या खिशातून काही भरावं लागणार नाही असा पूर्ण आरोग्य विमा, आणि खर्चाची सोय. २०२५ च्या आकड्याप्रमाणे महिन्याला ६०० युरो, म्हणजे वर्षाचे ७,२०० दाखवावे लागतात. ही कमीत कमी रक्कम झाली.

तुमचा व्हिसा कदाचित तीनच महिन्यांचा मिळेल. घाबरू नका, उरलेला काळ ओळखपत्रावर चालतो. त्याला ‘तिए’ म्हणतात आणि देशात शिरल्यापासून एका महिन्याच्या आत अर्ज करायचा असतो. (पहिल्या पत्रातल्या भाच्यासारखा जो १८० दिवसांच्या आत परततो, त्याला हे लागत नाही, त्याचा व्हिसाच पूर्ण मुदतीचा असतो.) अर्ज ईएक्स-१७, फी भरायचा नमुना ७९० संकेतांक ०१२, एक फोटो, पासपोर्ट आणि सगळ्या पानांच्या झेरॉक्स. पोलीस ठाण्याची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि खरी अडचण तीच आहे, मोठ्या शहरांत वेळ मिळता मिळत नाही. विमानतळावरून खोलीवर पोचलात की त्याच दिवशी शोधायला लागा. बोटांचे ठसे दिल्यावर पावती मिळते, कार्ड साधारण महिन्याभरानं. मधल्या काळात व्हिसा संपला आणि घरच्या लग्नाला यावं लागलं, तर परत शिरण्याची परवानगी वेगळी काढल्याशिवाय विमानात बसू नका.

या सगळ्याच्या मुळाशी पत्त्याची नोंद आहे. नगरपालिकेत जाऊन ‘एम्पाद्रोनामिएन्तो’ करायची, त्यासाठी भाडेकरार किंवा घरमालकाची सही हवी. बरेच मालक सही द्यायला कां-कूं करतात. म्हणून खोली बघतानाच विचारा : इथं माझी नोंद होईल का? ‘नाही’ म्हणाले तर खोली कितीही स्वस्त असो, सोडा. घराच्या करारात कायद्यानं अनामत एका महिन्याची असते. जाहिरातीत ‘इंतेरिओर’ लिहिलं असेल तर खिडकी आतल्या चौकात उघडते, ऊन येत नाही. ‘गास्तोस’ म्हणजे वीज-पाण्याचा खर्च धरून भाडं आहे की वेगळं, हे लिहून घ्या, कारण हिवाळ्यात विजेचं बिल बरंच वाढतं. आणि मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल, असा निरोप आला की उत्तरच देऊ नका. पहिला आठवडा होस्टेलात काढा, खोली डोळ्यांनी बघा, मग पैसे द्या.

उच्च शिक्षणाच्या विद्यार्थ्याला आठवड्याला तीस तासांपर्यंत काम करता येतं. पण त्या कमाईवर सगळा खर्च मांडून घर सोडू नका, भाषा नीट येईपर्यंत काम मिळणं अवघड.

प्रश्न : मोबाइलवर सहा महिन्यांपासून स्पॅनिश शिकून राह्यलो. इंग्रजी कच्चं आहे. तिथल्या वर्गात अमेरिकन पोरं असतील, त्यांच्यापुढं माझा निभाव लागेल काय?
— एक विद्यार्थी, ता. आमगाव, जि. गोंदिया

उत्तर : बऱ्याच गोष्टींत तुम्हीच पुढे असाल. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखे दंत्य आहेत. अमेरिकन मुलगा तिथं ट-ड म्हणतो, शब्दाच्या सुरुवातीला प, क म्हणताना हवा सोडतो, आणि ते घालवायला त्याला महिने लागतात. र सुद्धा आपलाच : ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ज्याला ‘कर्र’ म्हणता येतं त्याला हा फरक जमतो.

व्याकरणातली एक गाठ तर मराठी माणसाला जन्मतःच सुटलेली आहे. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’. ‘मे गुस्तान लास नारांखास’, ‘मला संत्री आवडतात’. क्रियापद संत्र्यांप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही. इंग्रजीतून विचार करणारा इथं हटकून चुकतो. म्हणून स्पॅनिश वाक्य इंग्रजीतून उलटवू नका, थेट मराठीतून उलटवा. ‘जातो’ म्हणताना आपण ‘मी’ गाळतो, तेही तिथं तसंच.

तुम्ही चुकाल ते वेगळीकडे. एक, आघात. मराठीत आघातानं अर्थ सहसा बदलत नाही, तिथं बदलतो : ‘आब्लो’मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्यावर दिला तर ‘तो बोलला’. शब्द पाठ करताना जोराच्या अक्षरावर टाळी वाजवा. दोन, इंग्रजी v चा आवाजच नाही, v लिहिलं असलं तरी ब म्हणायचं. तीन, ‘ग्रासिआस’मधला पहिला स उत्तर आणि मध्य स्पेनमध्ये जीभ दातांमध्ये धरून काढतात, आपला थ त्याच्या जवळ जातो पण तो नव्हे. चार, बरीच अॅप लॅटिन अमेरिकेतली बोली शिकवतात, त्यात ‘बोसोत्रोस’ म्हणजे बरोबरीच्यांसाठीचं ‘तुम्ही लोक’ येतच नाही. स्पेनमध्ये ते दिवसातून शंभरदा ऐकू येतं. त्याची क्रियापदं वेगळी पाठ करा.

अंदालुसियात गेलात तर पहिला आठवडा काहीच कळणार नाही. शब्दाच्या शेवटचा स गिळतात, ‘मास ओ मेनोस’चं ‘मा ओ मेनो’ होतं. पुस्तकी मराठी शिकून अकोल्याच्या बाजारात उतरलेल्याला ‘काऊन बे, कुठी जाऊन राह्यला’ ऐकून जसं होईल, तसंच. वर्गातल्या अमेरिकनांचीही तीच गत असते.

बोलायची सवय बाजारात होते. मंडईत किंवा दवाखान्यात रांग दिसत नाही, माणसं इकडेतिकडे उभी असतात. गेल्यावर मोठ्यानं विचारायचं, ‘किएन एस एल उल्तिमो?’, शेवटचं कोण? जो हात वर करेल त्याच्यामागे तुमचा नंबर. न विचारता पुढे झालात तर आजीबाई चांगलीच खडसावतील. पातळीचा दाखला हवा असेल तर दिल्लीच्या इन्स्तितूतो सेर्वांतेसकडून ‘देले’ परीक्षेची माहिती मिळते. जाण्याआधी ए-२ पातळी (रोजचं साधं बोलणं जमेल एवढी) गाठलेली बरी.

प्रश्न : पोरीला फोन कधी करावा? रात्री केला तर वर्गात असते, सकाळी केला तर झोपून राहते.
— एक वडील, ता. लोणार, जि. बुलडाणा

उत्तर : हिवाळ्यात स्पेन आपल्यामागे साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. तिचं दुपारचं जेवण तीनच्या सुमारास, म्हणजे तुमच्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात. तीच वेळ धरा. हिवाळ्यात आपल्या सकाळी सातला तिथं मध्यरात्र उलटून अडीच वाजलेले असतात.

प्रश्न : सेव्हियात चाळीसच्या वर पारा जातो असं वाचलं. मग स्वेटर कशाला?
— एक विद्यार्थिनी, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : उन्हाळ्याचं तुम्हाला काही शिकवायला नको. दुपारी खिडकीची लाकडी-प्लॅस्टिकची गुंडाळती झडप, ‘पेर्सियाना’, पूर्ण खाली करायची आणि रात्री उघडायची, बस. त्रास होतो तो डिसेंबर-जानेवारीत, आणि तो घरात. घरं उष्णतेसाठी बांधलेली, फरशी आणि भिंती गार, अनेक जुन्या घरांत खोली तापवायची सोयच नाही. बाहेर उन्हात बरं वाटतं आणि अभ्यासाला बसलं की बोटं आखडतात. गोल टेबलाखाली छोटा हीटर आणि वरून जमिनीपर्यंत जाड कापड, त्यात पाय घालून घरची माणसं बसतात. तसं टेबल असलेली खोली मिळाली तर घ्या. मात्र उठताना हीटर बंद करायचा, कापडाला आग लागण्याचे प्रकार होतात. स्वेटर दोन, लोकरी मोजे चार जोड आणि एक पातळ गोधडी न्या. टॉर्च आणि शंभरेक युरो सुट्टे रोख बाजूला ठेवा. २८ एप्रिल २०२५ ला भरदुपारी जवळजवळ सगळ्या स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली होती. कार्डं चालेनात, मेट्रो थांबल्या, आणि ज्याच्या खिशात नाणी होती त्यालाच पाव मिळाला.